निघायची पिशवी आणि राहायचा डबा: कोकणातल्या पावसाळ्यासाठी आपत्कालीन तयारी

२०२१ च्या पुरात आमच्या चिपळूणच्या घरी आपत्कालीन पिशवी होती. टॉर्च, औषधं, बिस्किटं, रेशनकार्ड, सगळं भरलेलं होतं. २२ जुलैला पहाटे पाणी अंगणात आलं तेव्हा ती लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात होती आणि कपाटासमोर तांदळाच्या दोन गोणी उभ्या होत्या. गोणी हलवेपर्यंत पाणी गुडघ्याला लागलं. पिशवी हाती आली ती भिजूनच. टॉर्च पेटला नाही, कारण सेल दोन वर्षं आतच राहिले होते आणि स्प्रिंगवर हिरवट-पांढरी पूड जमली होती. रेशनकार्डाची पानं एकमेकांना चिकटली होती.

त्यानंतर ओळखीच्यांच्या बऱ्याच पिशव्या मी उघडून पाहिल्या. यादी सगळ्यांची बरोबर असते. चुकतो तो क्रम. आधी सामान येतं, मग जागा शोधली जाते, उचलणार कोण ते ठरतच नाही आणि पाण्याची परीक्षा तर कोणीच घेत नाही. दुसरी चूक त्याहून मोठी: घर सोडून पळायची तयारी आणि घरात आठ दिवस अडकून राहायची तयारी एकाच पिशवीत कोंबलेली असते. मग ती पिशवी इतकी जड होते की उचलत नाही आणि इतकी अपुरी पडते की पुरतही नाही.

म्हणून दोन वेगळ्या गोष्टी करा. एक निघायची पिशवी, दुसरा राहायचा डबा. रानात, डोंगरात जाणाऱ्यांनी तिसरी छोटी पिशवी करावी. आगोटीची (पावसाळ्याआधीच्या तयारीची) कामं मृगापर्यंत चालतात, पण हे काम मेच्या पहिल्या आठवड्यात संपवा. तौक्ते वादळ २०२१ च्या मे महिन्यातच आलं होतं आणि निसर्ग २०२० मध्ये ३ जूनला. दोन्ही वेळी मृग लागायचा होता.

## टप्पा १: खरेदीच्या आधी चार गोष्टी ठरवा

निघायचं की थांबायचं? घर नदीकाठी, खाडीकाठी, सखल बाजारपेठेत किंवा डोंगराच्या पायथ्याशी असेल तर तुमची मुख्य तयारी निघायची. घर उंचावर, पक्कं आणि डोंगरउतारापासून लांब असेल तर मुख्य तयारी राहायची. निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या कितीतरी गावांत घरं शाबूत होती, पण विजेचे खांब आडवे झालेले, आंबे-पोफळी रस्त्यावर पडलेल्या, मोबाइल मुके. काही वाड्यांत लाईट यायला आठवडे लागले. तिथे निघायच्या पिशवीचा उपयोग नव्हता. पाणी, दिवा आणि औषध घरातच हवं होतं.

जायचं कुठे? दोन जागा ठरवा, दोन्ही उंचावर. एक चालत दहा मिनिटांत पोचण्यासारखी (शाळा, देऊळ, नातेवाइकांचा पहिला मजला), दुसरी गावाबाहेरची. दोन्हीकडे जाणारी वाट पऱ्यावरून (ओढ्यावरून), साकवावरून (छोट्या कच्च्या पुलावरून) किंवा सखल पुलावरून जात असेल तर ती जागा बाद. जोराच्या पावसात सगळ्यात आधी तीच वाट बंद होते.

कोणती खूण दिसली की निघायचं? “पाणी वाढलं की बघू” असं ठरवलं तर माणूस पाणी बघतच बसतो. दिवसा, डोकं शांत असताना, एक ठाम खूण ठरवा: तुळशीवृंदावनाची पहिली पायरी, फाटकाची खालची कडी, शेजारच्या विहिरीचा कठडा. पाणी तिथे लागलं की चर्चा नाही.

खाडीजवळ राहणाऱ्यांनी भरतीची वेळही पाहावी. आपल्याकडचे मच्छीमार तिथीवरून ती काढतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा साधारण तास येतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या आसपास भरती. २२ जुलै २०२१ ला आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा. वरून कोसळणारा पाऊस आणि खालून चढणारी भरती एकत्र आली की चिपळूणच्या वाशिष्ठीसारख्या नदीचं पाणी समुद्राकडे उतरायला वाव राहत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे मुसळधार पाऊस असेल तर खूण एक पायरी खाली धरा.

कोण काय उचलणार? नावानिशी ठरवा. आजींना कोण धरणार, बाळाला कोण घेणार, पिशवी कोणाच्या पाठीवर, गोठ्यातली दावी कोण सोडणार. घरातला कर्ता माणूस मुंबईला असतो हे कोकणातल्या कितीतरी घरांचं वास्तव आहे. त्यामुळे जो घरात असतोच, त्याच्या ताकदीप्रमाणे पिशवी भरायची.

> इशारा, डोंगरपायथ्याच्या घरांसाठी: दरडीच्या बाबतीत खूण दिसल्यावर पिशवी शोधायलाही वेळ मिळेलच असं नाही. तळियेला २०२१ मध्ये आणि इर्शाळवाडीला २०२३ मध्ये काय झालं ते आपण पाहिलं आहे. जमिनीला नवी भेग, झाडं किंवा खांब कललेले, दारं अचानक घट्ट बसायला लागणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं, डोंगरातून घरघर: यातलं एक जरी दिसलं तरी पाऊस थांबायची वाट न पाहता निघा आणि पोलीस पाटलांना कळवा. पळताना नाळेच्या (डोंगरातून पाणी उतरतं त्या घळीच्या) दिशेने खाली उतरू नका. उताराला आडवं, बाजूला जा.

## टप्पा २: निघायची पिशवी

पाठीला लावायची पिशवी घ्या. हातातली पिशवी नको, कारण एक हात काठीला आणि एक हात माणसाला लागतो. भरलेलं वजन सहा-सात किलोच्या वर जाऊ देऊ नका. वयस्कर माणूस उचलणार असेल तर चार किलो पुष्कळ. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो हे लक्षात ठेवलंत तर बाकीचा हिशोब आपोआप होतो.

भरताना सगळ्यात शेवटी लागणारं तळाशी आणि सगळ्यात आधी लागणारं वर.

तळाशी प्रत्येकाचा एक कोरडा कपड्यांचा जोड, पातळ चादर, टॉवेल. मध्ये खाणं: फुटाणे, शेंगदाणे, गूळ, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटं. मॅगी, कुळथाची पिठी, तांदूळ इथे नको. चूल कुठली आणणार? लहान मूल असेल तर त्याचं दूध पावडरीत, बाटली आणि एक वेगळी पाण्याची बाटली. सॅनिटरी पॅड आणि डायपर प्रत्येक यादीत शेवटी लिहिले जातात आणि हमखास राहतात, म्हणून ते आधी भरा. त्यावर औषधांचा डबा (त्याचं पुढे वेगळं सांगतो), साबण, दहा मीटर नायलॉनची दोरी, छोटी सुरी, पॉवर बँक आणि चार्जरची वायर.

सगळ्यात वरच्या कप्प्यात, अंधारात हात घातला की सापडतील अशा चार वस्तू: टॉर्च, शिट्टी, कागदांचं पाकीट, पाण्याची बाटली. टॉर्च डोक्याला लावायचा असेल तर उत्तम. सेल टॉर्चमध्ये ठेवू नका, चिकटपट्टीने टॉर्चच्या बाहेर बांधा. शिट्टी मुलांच्या गळ्यात. पावसाच्या आवाजात हाक दहा पावलांवर विरते, शिट्टी ऐकू येते.

कागद. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, सातबारा आणि आठ अ, घरपट्टीची पावती, विम्याची पॉलिसी, मुलांचे दाखले. मुळातले कागद आणि झेरॉक्स दोन वेगळ्या पाकिटांत. झेरॉक्स पिशवीत कायम राहू दे. मुळातले कागद एकाच पाकिटात पण रोजच्या जागी, आणि ती जागा खांद्याच्या वर. सगळ्याचे फोटो काढून गावाबाहेरच्या एका नातेवाइकाला पाठवून ठेवा. जुनी खरेदीखतं लॅमिनेट करून घेण्याची चूक पुष्कळ जण करतात. तसं करू नका. गरम रोलरखाली जुना कागद आणि शाई दोन्ही बिघडतात आणि नंतर शिक्का-सही तपासता येत नाही. साधी जाड प्लॅस्टिकची, तोंड दाबून बंद होणारी पिशवी पुरते.

रोख पैसे ठेवा, आणि दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. लाईट आणि रेंज गेली की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत, एटीएमही बंद, आणि पाचशेचे सुटे कोणाकडे नसतात.

एका कार्डावर पेनने नंबर लिहा. मोबाइल बंद पडला की बायकोचा नंबरही आठवत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. घरच्यांचे नंबर, पोलीस पाटील, आशाताई, शिवाय ११२ (पोलीस व मदत), १०८ (रुग्णवाहिका), १०७७ (जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष). समुद्रात अडकलेल्यांसाठी तटरक्षक दलाचा १५५४.

तपासणी १: पिंपाची परीक्षा. पिशवीच्या आत एक मोठी, जाड प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी घाला. सामानाऐवजी कोरडं वर्तमानपत्र आणि वजनाला एक वीट ठेवा. आतल्या पिशवीचं तोंड पिळा, दुमडा आणि रबराने घट्ट बांधा. पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं बुडवून ठेवा. उघडल्यावर वर्तमानपत्र कुरकुरीत असेल तर ठीक. कोपरा जरी ओला झाला असेल तर पिशवी बदला. बाहेर “वॉटरप्रूफ” लिहिलेल्या सॅकवर विसंबू नका, शिवणीतून पाणी येतं.

तपासणी २: चढाची परीक्षा. भरलेली पिशवी पाठीला लावून, जो उचलणार आहे त्याने, ठरवलेल्या जागेपर्यंत चालून यायचं. रात्री, टॉर्चवर. वाटेत जे जे टोचलं, घसरलं, जड झालं ते घरी येऊन काढा.

पिशवीची जागा: दाराजवळ, खुंटीवर, डोक्याच्या उंचीला. कपाटात नाही, पलंगाखाली नाही, कुलपात तर नाहीच.

## टप्पा ३: राहायचा डबा

हा घट्ट झाकणाच्या दोन मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यांत किंवा पिंपात करा आणि माळ्यावर ठेवा. वजनाची चिंता इथे नाही.

पाणी. पिण्यासाठी माणशी रोज तीन लिटर धरा. चार माणसांच्या घराला तीन दिवसांचे छत्तीस लिटर झाले, आठ दिवसांचे शहाण्णव. हे सगळं बाटल्यांत साठवायला नको. वादळाचा किंवा अतिमुसळधार पावसाचा इशारा आला की त्याच दिवशी टाकी, पिंपं, कळश्या भरून झाकून ठेवा. पंप विजेवर चालतो हे लोक विसरतात. विहीर भरलेली असून पाणी वर काढायला पोहरा नाही, अशी घरं मी पाहिली आहेत. डब्यात पोहरा आणि विहिरीच्या खोलीइतका दोर असलाच पाहिजे.

पुराचं पाणी विहिरीत गेलं असेल तर ते नुसतं तुरटी फिरवून पिऊ नका. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. आधी निवळा, फडक्याने गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळा. सरपण ओलं असेल तर क्लोरीनच्या गोळ्या वापरा. इथे नेहमीची चूक अशी की २० लिटरसाठीची गोळी तांब्याभर पाण्यात टाकली जाते किंवा टाकल्या टाकल्या पाणी प्यायलं जातं. पाकिटावर किती लिटरला एक गोळी ते वाचा आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही, म्हणून गाळणं आधी.

खाणं. घरात तांदूळ, कुळीथ, कोकम, सुकं (वाळवलेली मासळी) असतंच. ते फक्त वर चढवायचं. जास्तीचं म्हणून पोहे, मेतकूट, चुरमुरे, सातूचं पीठ, गूळ ठेवा. यांना चूल पेटली नाही तरी चालते. पोहे हवाबंद बरणीत, नाहीतर आषाढात त्यांना वास येतो.

उजेड आणि बातमी. दोन टॉर्च, एक कंदील, पुरेसे सेल आणि सेलवर चालणारा रेडिओ. मोबाइलचे टॉवर पडले तरी आकाशवाणी ऐकू येते. हवामान खात्याचे रंग घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. लाल रंग पाहून तयारीला लागलात तर एक दिवस उशीर झाला. मोबाइलची बॅटरी वाचवायची असेल तर सतत फोन लावत बसू नका, मेसेज करा. फोन लागत नाही तेव्हाही मेसेज बऱ्याचदा जातो.

याशिवाय मोठी ताडपत्री, खिळे, हातोडी, बांधायची तार, कोयती, करवत, गमबूट. कौलं किंवा पत्रे उडाले तर पाऊस थांबायची वाट पाहता येत नाही. पण वारा पूर्ण शांत झाल्याशिवाय छपरावर चढू नका.

> इशारा: दारं-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी किंवा जनरेटर आत लावू नका. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. जनरेटर अंगणात, खिडकीपासून लांब.

## टप्पा ४: औषधांचा डबा

हा निघायच्या पिशवीतच राहतो, पण वेगळा लिहितो कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

रोजच्या गोळ्या (बीपी, साखर, थायरॉइड, फिट, दमा) पंधरा दिवसांच्या, मूळ पट्टीतच. कात्रीने एक-एक गोळी कापून डबीत टाकली की नाव आणि मुदत दोन्ही जातात. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स सोबत. दर महिन्याला नवीन गोळ्या आणल्या की त्या डब्यात ठेवा आणि डब्यातल्या आधी वापरा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी लाईट नसताना ते किती दिवस बाहेर टिकतं हे आत्ताच डॉक्टरांना विचारून ठेवावं. फ्रिज बंद असताना ओल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही असं झाकून ठेवल्याने गारवा मिळतो. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

पॅरासिटामॉल, ओआरएस, जंतुनाशक मलम, कापूस, बँडेज, चिकटपट्टी, कात्री, चष्म्याची जुनी पण चालणारी जोडी. ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरला असतं. ते पेलाभर पाण्यात घालून देणं मुलाला अपायकारक आहे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

पुराच्या पाण्यातून चालावं लागलं असेल आणि पायाला जखम असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. उंदराच्या मुतातून हे जंतू पाण्यात येतात. जखम झाकून, गमबूट घालूनच पाण्यात उतरा. नंतर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर “पावसाचा ताप” म्हणून घरी थांबू नका. त्या वेळी कोणती गोळी घ्यायची ते आरोग्य केंद्रात विचारा, स्वतःहून सुरू करू नका.

## टप्पा ५: रानात, डोंगरात जाताना

किल्ल्यावर, धबधब्यावर किंवा अळंबी काढायला जाणारा माणूस “इथेच तर जातोय” म्हणून मोकळ्या हाताने जातो. पहिलं काम पिशवीचं नाहीच. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरी एका माणसाला सांगा. शोधणाऱ्यांना डोंगराची बाजू जरी कळली तरी रात्र वाचते.

पिशवीत: शिट्टी, टॉर्च, प्लॅस्टिकच्या पुडीत लायटर, मोठी प्लॅस्टिकची शीट, एक कोरडा गरम कपडा, दोरी, पाणी, गूळ-शेंगदाणे, मीठ (जळवांसाठी), क्रेप बँडेज, पूर्ण चार्ज केलेला फोन. भिजलेला माणूस जुलैत सह्याद्रीच्या माथ्यावर वाऱ्याने काकडून गळून जातो. म्हणून कोरडा कपडा चालताना घालायचा नाही, थांबल्यावर घालायचा.

वाट चुकलात तर थांबा. खाली पाणी दिसतं म्हणून नाळेतून उतरणं ही जिवावर बेतणारी चूक आहे, कारण नाळ बहुतेकदा कड्यावर जाऊन संपते. बसा, अंग झाका, तीन-तीन शिट्ट्या थांबून थांबून वाजवत राहा. पऱ्या ओलांडताना पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला तर वर पाऊस पडलेला आहे. लगेच बाहेर पडा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदही लागत नसतील तर माथा आणि एकटं झाड सोडा.

साप चावला तर: कोकणात फुरसं (छोटा विषारी साप) पायवाटेवरच्या दगडाखाली, पाचोळ्यात असतं. दोरी आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा, कारण सूज येते. तो हात किंवा पाय हलू न देता काठीला सैल बांधा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. साप पकडण्यात वेळ घालवू नका. सर्पदंशाची लस जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात असते ते मे महिन्यातच विचारून नंबरांच्या कार्डावर लिहून ठेवा.

## टप्पा ६: निघताना, याच क्रमाने

१. मेन स्विच बंद. पाय कोरडे असतील तरच हात लावा. जमीन ओली झाली असेल तर त्या भानगडीत पडू नका.
२. गॅसचा रेग्युलेटर बंद, सिलिंडर दोरीने खिडकीच्या गजाला बांधा. रिकामा सिलिंडर तरंगतो आणि घरभर आपटतो.
३. गुरांची दावी सोडा. बांधलेलं जनावर दाव्यालाच बुडतं, सुटलेलं आपण उंचावर जातं.
४. मुळातल्या कागदांचं पाकीट पिशवीत, पिशवी पाठीवर.
५. हातात काठी, पुढचं पाऊल काठीने चाचपून. वाहतं पाणी गुडघ्याच्या खाली असलं तरी माणसाला पाडतं, त्यामुळे प्रवाह असेल तिथे पाऊल घालू नका. गाडी काढण्याचा मोह नको.

विसरलेली वस्तू आणायला परत फिरायचं नाही. हे सगळ्यांसमोर आधीच बोलून घ्या, विशेषतः घरातल्या थोरांशी. देव्हाऱ्यातले टाक, आजोबांचा फोटो, जे काही मागे राहिलं तर त्यांचा पाय निघणार नाही, ते इशारा आला की आदल्या दिवशीच पिशवीत घाला. त्याला दोनशे ग्रॅम वजन पुष्कळ आहे.

पाणी ओसरून परत आल्यावर झाडलोट सुरू करण्याआधी फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेघ, प्रत्येक खोली, बिघडलेली वस्तू. तलाठ्यांचा पंचनामा होईपर्यंत लोक घर धुवून मोकळे होतात आणि मग दाखवायला काही उरत नाही. म्हणून मे महिन्यात, पिशवी भरता भरताच, चांगल्या घराचेही फोटो काढून ठेवा. वीज वायरमनने पाहिल्याशिवाय सुरू करू नका. कपाटाखाली, गादीखाली हात घालण्याआधी काठी घाला, पुराबरोबर साप आलेले असतात.

## टप्पा ७: पिशवी कधी उघडायची

जूनपासून दर महिन्याच्या एक तारखेला पाच मिनिटं: टॉर्चला सेल लावून पेटवा, सेल परत बाहेर काढा, पॉवर बँक चार्ज करा, गोळ्यांच्या तारखा पाहा, बिस्किटं बदला. बाटलीतलं पाणी बदला.

गणपती झाले, पाऊस ओसरला, की पिशवी रिकामी करायची घाई होते. आम्हीही दसऱ्यालाच तिचा टॉर्च घरात वापरायला काढायचो. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला किनाऱ्यावर आलं, तेव्हा तुळशीची लग्नं लागून गेली होती आणि होड्या समुद्रात होत्या. मार्गशीर्ष लागेपर्यंत पिशवी खुंटीवर राहू द्या. मग खाणं खाऊन टाका, गोळ्या रोजच्या वापरात घ्या, कागद जागेवर ठेवा आणि रिकामी पिशवी उलटी करून दोन दिवस कडक उन्हात टाका. चार महिने दमट हवेत टांगलेल्या पिशवीच्या शिवणीत बुरशी धरते, आणि पुढच्या मेमध्ये पिंपाच्या परीक्षेत पाणी नेमकं तिथूनच आत येतं.